कर्करोग रुग्णाला सांगावा का? एका मौनाचा इतिहास

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळे मोहल्ल्यातलं कुणी मोठ्या दवाखान्यात निघालं की ‘बाजी, तुम्ही सोबत चला’ असा निरोप येतो. काही वर्षांपूर्वी मी माझ्या खालासोबत गेले होते. डॉक्टर मराठीत बोलत होते आणि खालाला दखनीखेरीज काही नीट कळत नव्हतं. रिपोर्ट पाहून डॉक्टर म्हणाले, “कर्करोग आहे, पसरलाय. त्यांना त्यांच्या भाषेत समजावून सांगा.” दाराशी उभ्या असलेल्या मावसभावाने मला डोळ्यांनी खुणावलं. मी खालाकडे वळून म्हणाले, “गाठ है खाला. दवा से जाती.”

माझ्या आयुष्यातलं ते सर्वांत वाईट भाषांतर.

आपल्याला वाटतं की लपवणं ही आपल्या मायाळू कुटुंबांची रीत आहे आणि तोंडावर सांगणं ही पाश्चात्त्यांची. इतिहास तसं सांगत नाही. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक लेखनातच, रुग्णापासून बहुतेक गोष्टी झाकून ठेवाव्यात असा वैद्याला सल्ला आहे. १८४७ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनने आपली पहिली आचारसंहिता केली. डॉक्टरच्या शब्दांनीही रुग्णाचं आयुष्य घटू शकतं, म्हणून धोक्याची कल्पना त्याच्या जवळच्या माणसांना द्यावी, असा तिचा रोख होता. म्हणजे माझ्या मावसभावाने दाराशी जे केलं, तेच.

या रोगाच्या नावातच भीती आहे. ग्रीकांनी त्याला खेकड्याचं नाव दिलं. अरबीत त्याचं ‘सरतान’ झालं, म्हणजे पुन्हा खेकडाच. इब्न सीनाने आपल्या ‘अल-कानून’मध्ये याच नावाने या रोगाची चर्चा केली आहे. उर्दूत आजही सरतान आणि मराठीत कर्करोग. कर्क म्हणजेही खेकडा. मी शिकवते त्या दोन्ही भाषांत एकाच प्राण्याची नांगी आहे, आणि दोन्ही भाषांत लोक तो शब्द उच्चारायचा टाळून ‘ती बीमारी’ म्हणतात.

१९६१ साली डोनाल्ड ओकेन या अमेरिकी डॉक्टरने शिकागोच्या एका रुग्णालयातील डॉक्टरांना विचारलं की कर्करोग झाल्याचं तुम्ही रुग्णाला सांगता का? सुमारे ९० टक्के डॉक्टरांचा कल न सांगण्याकडे होता. १९७९ साली दुसऱ्या एका अमेरिकी रुग्णालयात तशीच प्रश्नावली दिली गेली. आता ९७ टक्के डॉक्टर सांगण्याच्या बाजूचे होते. अठरा वर्षांत चित्र पूर्ण उलटलं.

याची कारणं अनेक. उपचार सुधारले, आणि दीर्घ उपचार रुग्णाच्या माहितीशिवाय करणं अवघड झालं. रुग्णाच्या हक्कांची भाषा रुजली. आणि काही डॉक्टर रुग्णाजवळ बसून ऐकू लागले. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी शिकागोत मृत्यूच्या दारातल्या रुग्णांनाच शिक्षक मानून त्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचं पुस्तक १९६९ साली आलं. लंडनमध्ये सिसिली सॉन्डर्स यांनी १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू केलं. आपल्याकडे परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून आहे. पण बरे न होणाऱ्या रुग्णांसाठी देशातलं पहिलं हॉस्पिस, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, निघायला १९८६ उजाडलं.

सांगायचं ठरलं, पण कसं? २००० साली रॉबर्ट बकमन, वॉल्टर बेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा पायऱ्यांची पद्धत मांडली. आधी निवांत जागा बघून बसायचं. मग रुग्णाला काय ठाऊक आहे आणि त्याला किती ऐकायचं आहे, हे विचारायचं. मगच सोप्या शब्दांत, थोडं थोडं सांगायचं. त्याच्या रडण्याला, रागाला वाव द्यायचा आणि शेवटी पुढे काय करायचं ते मिळून ठरवायचं. हे वाचताना मला बी.एड.चे दिवस आठवले. ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ हे अध्यापनाचं सूत्र आम्ही पाठ केलं होतं. वर्गात मी ते रोज वापरते. खालासमोर मात्र विसरले. तिला काय ठाऊक आहे, हे मी एकदाही विचारलं नाही.

तिला ठाऊक होतं. खाला वीस बायकांची भिशी चालवायची. लिहिता-वाचता येत नव्हतं, सगळा हिशोब डोक्यात. दुखणं वाढलं तेव्हा ती एकदा मला म्हणाली, “वही घेऊन बस, हिशोब लिहून घे.” मी म्हणाले, “बरी हो, मग लिहू.” ती माझ्याकडे बघत राहिली आणि नंतर तो विषय तिने काढला नाही. इयादतला येणारे लग्नकार्याच्या गप्पा मारून, दुआ करून जात. घरातलं प्रत्येक माणूस नाटक करत होतं आणि खाला आमच्यासाठी त्यात सामील झाली होती.

ती गेल्यावर बायका दारात आल्या. कुणाचे किती, कुणालाच सांगता येईना. मावसभावाने अंदाजाने पैसे दिले. दोन घरांशी आजही बोलणं नाही. माणसांचे हक्क, हुकूकुल-इबाद, माणसांनीच माफ करायचे असतात असं आपण लहानपणापासून ऐकतो. वसीयतीची, कर्ज फेडण्याची एवढी ताकीद असलेल्या समाजात, ते करण्याची वेळ आली आहे हेच आपण माणसाला कळू देत नाही. आम्ही खालाचं दुःख वाचवलं नाही. तिचा हिशोब चुकता करायचा हक्क तेवढा काढून घेतला.

प्रत्येकाला सगळं सांगावंच, असं माझं म्हणणं नाही. ‘मला नको सांगू, मुलाला सांग’ म्हणणारेही असतात. पण ते त्यांनी म्हणावं, आपण परस्पर ठरवू नये.

आजही मला दवाखान्यात सोबतीला बोलावतात. नातेवाइकांना मी निघण्यापूर्वीच सांगते की डॉक्टर बोलतील तेच मी बोलेन. आत जाण्याआधी बाकावर बसून रुग्णाला विचारते, “तुम्हाला काय वाटतं, काय झालंय?” बहुतेकांना बरंच काही ठाऊक असतं. कुणी विचारायची ते वाट बघत असतात.