गोवर ओसरल्यानंतर

मुलाला ताप भरावा, डोळे लाल व्हावे, नाक वाहूं लागावें आणि तीन-चार दिवसांनीं अंगावर बारीक तांबडें पुरळ उठावें, म्हणजे घरांतील वडील माणसें निश्चिंत होत. “गोवर बाहेर पडला, आतां भय नाहीं,” असें म्हणण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. या समजुतींत थोडें तथ्यहि आहे. धट्ट्याकट्ट्या मुलाचा गोवर बहुधा आठ-दहा दिवसांत ओसरतो. परंतु ज्या मुलाचें शरीर उपासमारीनें आधींच खंगलेलें असतें, त्याच्यावरील खरें संकट पुष्कळदां पुरळ मावळूं लागल्यावरच येतें. कोणास न्यूमोनिया गांठतो, तर कोणास हगवण लागते. पैकीं न्यूमोनियाची धास्ती लोकांना होती; हगवणीचा आणि गोवराचा संबंध मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत आला.

हा संबंध दृष्टिआड कां राहिला, हें वऱ्हाडच्या इतिहासावरून चांगलें समजतें. आजच्या यवतमाळ जिल्ह्यास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस वणी जिल्हा म्हणत. १९०५ सालीं वऱ्हाडच्या जिल्ह्यांची फेरवांटणी झाली, वाशीमकडील पुसद तालुका त्यास जोडला गेला आणि यवतमाळ हें नांव रूढ झालें. १८९९ सालीं या मुलखांत पाऊस फसला. ज्वारी करपली, कापूस गेला, आणि शेतमजुराच्या हाताला काम उरलें नाहीं. सरकारनें दुष्काळी कामें काढलीं, खडी फोडण्यावर माणसें लावलीं, अन्नछत्रें उघडलीं. तरीहि १८९१ च्या खानेसुमारींत २८,९७,४९१ असलेली वऱ्हाडची लोकसंख्या १९०१ सालीं २७,५४,०१६ वर उतरली. दहा वर्षांत माणसें वाढावयाचीं तीं राहिलींच. उलट १,४३,४७५ नीं घटलीं.

त्या काळीं मृत्यूची नोंद गांवकामगारांकडून होई. नोंदीचे मुख्य रकाने ठरलेले असत: पटकी, देवी, ताप, हगवण व आमांश, श्वसनाचे विकार, अपघात आणि इतर कारणें. गोवर बहुधा तापाच्या रकान्यांत पडे. महिन्यापूर्वीं गोवर येऊन गेलेलें मूल हगवणीनें दगावलें, तर पुस्तकांत हगवणच लिहिली जाई. नोंद खोटी नसे; ती अपुरी असे. शेवटचा घाव तेवढा कागदावर येई. त्यापूर्वींची उपासमार आणि तिच्या मागून आलेला गोवर हे दोन घाव रकान्याबाहेरच राहत.

उपासमारीनें आंतड्यांचें काय होतें, याचा पुरावा त्यापूर्वींच उपलब्ध झाला होता. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळांत मद्रास येथें अलेक्झांडर पोर्टर या शल्यवैद्यानें छावणींतील शेंकडों मृतदेहांची तपासणी केली आणि १८८९ सालीं ती ग्रंथरूपानें प्रसिद्ध केली. त्यांत आंतडीं पातळ व क्षीण झालेलीं आढळलीं. अशा माणसापुढें एकदम पोटभर अन्न ठेवलें तरी तें पचविण्याचें सामर्थ्य त्याच्या आंतड्यांत उरलेलें नसतें. अन्नछत्रापर्यंत पोहोंचलेलीं माणसेंहि कां दगावत, याचें एक कारण येथें सांपडतें.

गोवराविषयींचे दोन परदेशी दाखले याच्या जोडीला ठेवण्यासारखे आहेत. १८४६ सालीं उत्तर अटलांटिक महासागरांतील फॅरो बेटांवर सुमारें ७,८०० वस्तीपैकीं सुमारें ६,००० माणसांना गोवर झाला. पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरानें त्याची बारकाईनें पाहणी केली. १७८१ च्या सांथींत ज्यांना गोवर येऊन गेला होता, त्या वृद्धांना पासष्ट वर्षांनींहि तो पुन्हां झाला नाहीं, हें त्याला आढळलें. तेथील बहुतेक रोगी बरे झाले. उलट १८७५ सालीं फिजी बेटांत गोवर शिरला, तेव्हां सुमारें चाळीस हजार माणसें, म्हणजे लोकसंख्येच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास, मृत्यु पावलीं. घरेंच्या घरें एकाच वेळीं अंथरुणास खिळलीं. शिजवून घालावयास कोणी उरलें नाहीं, आणि ताप ओसरलेले रोगी रक्तआंव व उपासमार यांना बळी पडले. दोन्ही ठिकाणीं बहुतेक लोकांना गोवर नवाच होता. शेवट इतका निराळा होण्यास अन्न आणि शुश्रूषा यांचा अभाव हें एक मोठें कारण झालें.

गोवर प्रतिकारशक्तीच खच्ची करतो, याची पहिली स्पष्ट खूण व्हिएन्ना येथें सांपडली. १९०८ सालीं क्लेमेन्स फॉन पिर्के यानें दाखविलें कीं, क्षयाच्या चांचणीला पूर्वीं प्रतिसाद देणारी मुलांची कातडी गोवराच्या दिवसांत तो प्रतिसाद देत नाहीं. शरीर जणूं ओळखीच्या शत्रूलाच विसरतें. १९५४ सालीं एंडर्स व पीबल्स यांनीं गोवराचा विषाणु वेगळा केला. रोगाशीं झुंजणाऱ्या आणि पूर्वींच्या रोगांची आठवण ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींनाच हा विषाणु ग्रासतो, हें पुढें कळलें. १९१९ नव्हे, तर थेट २०१९ सालीं नेदरलंडमधील लस न घेतलेल्या ७७ मुलांच्या रक्ताची तपासणी प्रसिद्ध झाली. गोवरानंतर त्यांच्या रक्तांतील इतर रोगांविरुद्धचीं प्रतिद्रव्यें ११ पासून ७३ टक्क्यांपर्यंत नाहींशीं झालीं होतीं.

आंतड्यांच्या भिंतींतहि अशा पेशींचीं ठाणीं असतात. तीं दुबळीं झालीं, आंतील अस्तर सोलवटलें आणि तोंड आल्यामुळें मुलाचें खाणें तुटलें, म्हणजे आमांशाच्या जंतूंना वाट मोकळी होते. हगवणीवाटे प्रथिनें जातात, अ जीवनसत्त्वाचा सांठा आटतो, आणि मूल पुढच्या रोगाला सहज बळी पडतें. स्क्रिमशॉ, टेलर व गॉर्डन यांनीं १९६८ सालीं जागतिक आरोग्य संघटनेसाठीं लिहिलेल्या ग्रंथांत हेंच दुष्टचक्र मांडलें: भुकेनें रोग बळावतो आणि रोगानें भूक वाढते. एच्. आय्. व्ही. अगर कर्करोगावरील औषधें यांमुळें ज्यांची शक्ति क्षीण झाली आहे, त्यांची गोष्ट याहून बिकट. त्यांच्या अंगावर कधीं कधीं पुरळहि उठत नाहीं, आणि रोग ओळखलाच जात नाहीं.

या ज्ञानामुळें घरगुती पथ्याचा विचार नव्यानें करावा लागतो. हगवण लागली कीं मुलाचें अन्नपाणी तोडावयाचें, ही समजूत दुबळ्या मुलास घातक ठरते. अंगावरचें दूध चालूच ठेवावें, मऊ भात, पेज, वरण थोडें थोडें पण वारंवार द्यावें, आणि मीठसाखरेचें पाणी पाजीत राहावें. १९७१ सालीं बनगांवच्या निर्वासित छावणींत डॉ. दिलीप महालनबीस यांनीं याच साध्या पाण्यानें पटकीच्या असंख्य रोग्यांचे प्राण वांचविले. गोवर झालेल्या मुलास अ जीवनसत्त्वाच्या मात्रा डॉक्टरांच्या सल्ल्यानें द्याव्या, असें जागतिक आरोग्य संघटना १९८७ पासून सांगत आली आहे. आणि मूळ उपाय लशीचा. ती १९६३ सालीं निघाली व १९८५ पासून आपल्या सार्वत्रिक लसीकरणांत आली.

तथापि २०२२ सालीं मुंबईच्या गोवंडींत, भिवंडींत व मालेगांवांत गोवर पुन्हां उसळला आणि मुलें दगावलीं. दाट वस्ती, अपुरें पोषण आणि चुकलेली लस हीं जेथें एकत्र येतात, तेथें जुनाच क्रम पुन्हां चालूं होतो. यवतमाळ जिल्ह्यांत केळापूर, झरी-जामणीकडील कोलामांच्या पोडांवर लशीच्या दोन्ही मात्रा वेळेवर पोहोंचणें याचें महत्त्व म्हणूनच शहरांतल्याहून कमी नाहीं. पुरळ मावळल्यावरहि कांहीं आठवडे मुलाच्या खाण्याकडे आणि शौचाकडे जी आई लक्ष ठेवील, ती वणी जिल्ह्याच्या जुन्या पुस्तकांत ज्याला रकाना नव्हता, त्या संकटावरच लक्ष ठेवीत असेल.