सेंट जॉन्स पॅरिशमधील डीकन-व्यवस्था

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहराच्या सेंट जॉन्स पॅरिशमध्ये चर्चच्या स्वयंसेवकांमार्फत गरिबांची देखभाल करण्यासाठी १८१९ ते १८३७ या काळात चालविण्यात आलेली व्यवस्था. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या व त्याच्या पाळकाच्या कार्यकक्षेत येणारा भूविभाग. टॉमस चाल्मर्स (१७८०–१८४७) हा स्कॉटिश धर्मोपदेशक या व्यवस्थेचा प्रवर्तक होय. सक्तीचा कर न बसविता, केवळ चर्चमध्ये जमणारे दान आणि शेजारधर्म यांच्या बळावर औद्योगिक शहरातील दारिद्र्याचे निवारण करता येते, हे सिद्ध करणे हा तिचा हेतू होता.

पार्श्वभूमी : स्कॉटलंडच्या खेडेगावांत गरिबांच्या पोषणाची जबाबदारी परंपरेने पाळक व ‘वडील’ यांच्या सभेकडे असे. रविवारी चर्चच्या दाराशी जमलेले दान ही सभा गरजूंना वाटत असे. गाव लहान असल्याने कोण आजारी आहे, कोणाचा कर्ता पुरुष गेला, हे सर्वांना ठाऊक असे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कापडाच्या गिरण्या, हातमाग व बंदर यांमुळे ग्लासगोची लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि ही परस्पर ओळख नाहीशी झाली. सर्व पॅरिशांचे दान एका मध्यवर्ती सभेकडे जमा होऊ लागले. ते अपुरे पडल्यामुळे शहरात गरिबांसाठी करही बसविण्यात आला. नेपोलियनबरोबरची युद्धे संपल्यावर (१८१५) आलेली मंदी, विणकरांची बेकारी आणि १८१७-१८ मधील विषमज्वरासारख्या प्रलापक ज्वराची साथ यांमुळे परिस्थिती अधिकच बिकट झाली.

चाल्मर्स १८१५ मध्ये किलमनी या खेड्यातून ग्लासगोच्या ट्रॉन चर्चमध्ये आला. शहरातील दैन्याचे मूळ पैशाच्या तुटवड्यापेक्षा परस्पर अनोळखीपणात आहे, असे त्याचे मत बनले. कराच्या पैशातून मिळणारे साहाय्य हक्काचे मानले जाऊ लागले, की देणाऱ्याची आस्था आणि घेणाऱ्याचा स्वावलंबी बाणा ही दोन्ही लोप पावतात, असे तो मानी. नगरपरिषदेने त्याच्यासाठी १८१९ मध्ये शहराच्या पूर्व भागात सेंट जॉन्स हा नवा पॅरिश निर्माण केला आणि तेथील दानाचा विनियोग स्वतंत्रपणे करण्याची मुभा त्याला दिली.

रचना व कार्यपद्धती : या पॅरिशची लोकसंख्या सुमारे १०,००० असून तीत मुख्यतः विणकर, गिरणी-कामगार व मजूर होते. ८०० हून अधिक कुटुंबांचा कोणत्याही चर्चशी संबंध नव्हता. चाल्मर्सने पॅरिशचे २५ विभाग पाडले. प्रत्येक विभागात साधारणतः ६० ते १०० कुटुंबे असत. आध्यात्मिक विचारपूस वडिलांकडे राहिली; गरिबांच्या ऐहिक अडचणींसाठी स्कॉटलंडच्या चर्चमध्ये जवळजवळ लुप्त झालेले डीकनचे, म्हणजे सेवकाचे, प्राचीन पद पुन्हा सुरू करण्यात आले. हे काम विनावेतन होते व ते बहुधा व्यापारी व मध्यमवर्गीय गृहस्थ करीत.

डीकनने आपल्या विभागातील घरोघरी जाऊन ओळख ठेवावी, असा दंडक होता. मदतीची मागणी आल्यावर तो प्रथम त्या घरची चौकशी करी. कुटुंबातील कोणास काम मिळवून देता येईल का, नातलग काही भार उचलतील का, शेजारी हातभार लावतील का, हे क्रमाने पाहिले जाई आणि हे सर्व मार्ग खुंटल्यावरच पॅरिशचा निधी वापरला जाई. गरिबांना श्रीमंतांपेक्षा गरिबांकडूनच अधिक साहाय्य मिळते, असे निरीक्षण चाल्मर्सने आवर्जून नोंदविले आहे. याबरोबरच पॅरिशमध्ये शाळा व रविवारच्या शाळा काढण्यात आल्या. एडवर्ड अर्व्हिंग हा पुढे प्रसिद्धीस आलेला धर्मोपदेशक १८१९ ते १८२२ या काळात चाल्मर्सचा साहाय्यक होता.

फलित व टीका : पूर्वी या भागातील गरिबांवर शहराचे वर्षाला सुमारे १,४०० पौंड खर्च होत, नव्या व्यवस्थेत हा खर्च सुमारे २८० पौंडांवर आला, असा हिशेब चाल्मर्सच्या बाजूने मांडण्यात येतो. द ख्रिश्चन अँड सिव्हिक इकॉनॉमी ऑफ लार्ज टाउन्स (३ खंड, १८२१–२६) या ग्रंथात त्याने आपली उपपत्ती सविस्तर मांडली. तथापि खर्च घटला म्हणजे गरजही घटली, असे होत नाही. चाल्मर्सच्या वक्तृत्वामुळे शहरभरातून सधन श्रोते त्याच्या चर्चमध्ये येत व त्यांचे दान पॅरिशला मिळे. इतर पॅरिशांना ही सोय नव्हती. डीकनांनी स्वतःच्या खिशातून दिलेले पैसे पॅरिशच्या हिशेबात येत नसत. बरेच डीकन पॅरिशबाहेर राहत असल्याने ज्या शेजारधर्मावर ही व्यवस्था आधारलेली होती, तो त्यांच्या बाबतीत पूर्णतः खरा नव्हता. शिवाय ज्या निकट परिचयातून आस्था उत्पन्न होई, त्याच परिचयातून गरिबाच्या वर्तनाची झडतीही होई. मदत मागण्याचाच संकोच वाटून काहींनी हाल सोसले असणे शक्य आहे.

सर्वांत मूलगामी आक्षेप एडिंबरोचा वैद्य विल्यम पुल्टनी ॲलिसन याने घेतला. ज्वराच्या साथींचा दारिद्र्याशी निकटचा संबंध आहे आणि बेकारी व रोगराई यांना खाजगी दानधर्म पुरा पडत नाही, असे त्याने १८४० मध्ये प्रतिपादिले. त्याच वर्षी ग्लासगो येथे ब्रिटिश असोसिएशनच्या अधिवेशनात या दोघांचा वाद झाला.

चाल्मर्स १८२३ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठात प्राध्यापक म्हणून गेला. डीकनांनी त्यानंतरही चौदा वर्षे काम नेटाने चालविले. परंतु पॅरिशच्या रहिवाशांना शहराचा गरीब-कर चुकला नव्हता. दुहेरी भार असह्य होऊन १८३७ मध्ये ही व्यवस्था बंद झाली. १८४५ च्या कायद्याने स्कॉटलंडमध्ये गरिबांच्या साहाय्यासाठी पॅरिशवार मंडळे स्थापन झाली व कर हाच त्याचा मुख्य आधार बनला.

प्रभाव : १८४३ मध्ये चाल्मर्सच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या फ्री चर्चने प्रत्येक मंडळीत डीकनांची सभा नेमली. जर्मनीतील एल्बरफेल्ड येथे १८५३ मध्ये नगरपालिकेने विनावेतन स्वयंसेवकांकडे थोडीथोडी कुटुंबे सोपविली. या पद्धतीचे साम्य सेंट जॉन्सशी दाखविले जाते. चाल्मर्सचा सेंट अँड्र्यूज येथील विद्यार्थी रॉबर्ट नेस्बिट हा १८२७ मध्ये मुंबई इलाख्यात येऊन १८५५ पर्यंत, म्हणजे मृत्यूपर्यंत, मराठी भाषकांत धर्मकार्य करीत होता. मुंबईतील जॉन विल्सन हाही १८४३ मध्ये फ्री चर्चमध्ये सामील झाला. या परंपरेतील ‘पाळक’, ‘वडील’ व ‘डीकन’ ही पदनामे मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत परिचित आहेत.

सार्वजनिक साहाय्याची जागा घेण्याचा सेंट जॉन्सचा दावा टिकला नाही. मात्र ठराविक घरे, ठराविक माणूस आणि वारंवार भेट ही त्याची त्रिसूत्री टिकून राहिली. आजारी, वृद्ध व एकाकी सभासदांना नियमाने भेट देणारे चर्चचे स्वयंसेवक आजही तिचाच अवलंब करतात. पैशाची तरतूद करातून होऊ शकते. दार ठोठावून विचारपूस करण्याचे काम मात्र ओळखीच्या माणसालाच करावे लागते.