डेटा टाइपची निवड (मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस)

डेस्कटॉप डेटाबेसमधील तक्त्याच्या प्रत्येक रकान्यात, म्हणजे फील्डमध्ये, कोणत्या प्रकारची माहिती राहणार हे तक्ता आखतानाच ठरवून द्यावे लागते. १९९२ साली बाजारात आलेल्या मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेसमध्ये त्यासाठी शॉर्ट टेक्स्ट, लाँग टेक्स्ट, नंबर, करन्सी, डेट/टाइम, येस/नो, ऑटोनंबर असे प्रकार आहेत. पैकी पहिल्या दोहोंना २०१३च्या आवृत्तीपूर्वी टेक्स्ट आणि मेमो म्हणत. नवशिके लोक अंक दिसले की नंबर आणि अक्षरे दिसली की टेक्स्ट निवडतात, आणि बहुतेक घोळ तिथेच सुरू होतो. माहिती दिसते कशी याला फारसे महत्त्व नाही. तिची पुढे बेरीज होणार आहे, क्रम लावला जाणार आहे की नुसता शोध घेतला जाणार आहे, यावर प्रकार ठरायला हवा.

एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाचे दाखल रजिस्टर संगणकावर आणायचे आहे असे धरू. पुस्तके विषयवार लावण्याच्या ड्यूई पद्धतीत मराठी साहित्याचा वर्गांक ८९१.४६. दिसायला ही दशांश संख्या, पण दोन वर्गांकांची बेरीज कोणी करत नाही; ‘८९१.४६ने सुरू होणारी सगळी पुस्तके दाखव’ अशी मागणी मात्र रोज होते, आणि ती मजकुरावर होणारी क्रिया आहे. जुन्या दहा अंकी आयएसबीएनच्या शेवटी कधी कधी ‘एक्स’ हे अक्षर असते. नंबरचा रकाना ते घेतच नाही. सभासदाचा मोबाइल क्रमांक तर उघडच अडतो. नंबर निवडल्यावर अ‍ॅक्सेस आपणहून लाँग इंटिजर हा आकार देते आणि त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ आहे. भारतातले दहा अंकी मोबाइल क्रमांक ६ ते ९ या अंकांनी सुरू होतात, म्हणजे सगळेच या मर्यादेबाहेरचे. डबल हा मोठा आकार घेतला तर क्रमांक मावतो हे खरे, पण ज्याचे गणितच करायचे नाही त्याला संख्या ठरवून मिळवायचे काय?

गणित करायचे असते तिथेही नुसते ‘नंबर’ म्हणून भागत नाही. डबलमध्ये अपूर्णांक द्विमान पद्धतीने साठतात आणि ०.१ ही साधी संख्या त्या पद्धतीत नेमकी मांडता येत नाही. ती दहा वेळा मिळवली तर बेरीज १च्या किंचित अलीकडे राहते. वर्गणीच्या हिशेबात पैशापैशाचा फरक राहतो तो असा. करन्सी हा प्रकार रक्कम दहा हजारपट करून पूर्णांक म्हणून ठेवतो, त्यामुळे चार दशांश स्थळांपर्यंत ती नेमकी राहते. नावावर जाऊ नये, मोजमाप चार स्थळांच्या आत असेल तर पैसे नसलेल्या आकड्यांनाही तो चालतो. १९५७पूर्वीच्या पुस्तकांवर मात्र किंमत रुपये-आण्यांत असते. ती छापली तशी टेक्स्टमध्ये आणि हिशेबाची रक्कम वेगळ्या करन्सी रकान्यात ठेवावी. शके छापलेल्या प्रकाशनवर्षाचेही तेच: मूळ उल्लेख टेक्स्टमध्ये, क्रम लावण्यासाठी इसवी सन नंबरमध्ये. डेट/टाइमला फक्त वर्ष ठाऊक असून चालत नाही. त्याला पूर्ण दिवस लागतो, कारण आत तो ३० डिसेंबर १८९९पासूनच्या दिवसांची संख्या असतो.

सर्वांत निरुपद्रवी वाटणारा येस/नो हाच जास्त फसवतो. अ‍ॅक्सेसमध्ये हा रकाना रिकामा राहू शकत नाही. वार्षिक पडताळणीसाठी ‘पुस्तक सापडले का’ असा येस/नो रकाना केला की अजून तपासलेलीच नाहीत ती पुस्तकेही ‘नाही’मध्ये, म्हणजे गहाळ यादीत, जातात. तिथे पडताळणीची तारीख आणि तीन पर्यायांचा शेरा हवा.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: सगळेच टेक्स्ट ठेवावे, म्हणजे काही अडत नाही. अडत नाही हीच त्याची खोट. टेक्स्टमध्ये ३० फेब्रुवारी ही तारीख बिनतक्रार बसते आणि १ नंतर १०, १००, मग २ असा क्रम लागतो. प्रकार पुढे बदलता येतो, असेही सांगतात. येतो, पण बदलताना जे मूल्य नव्या प्रकारात बसत नाही ते अ‍ॅक्सेस एक सूचना देऊन पुसून टाकते, आणि नंबरमध्ये गेलेल्या खाते क्रमांकाची सुरुवातीची शून्ये परत टेक्स्ट केल्याने येत नाहीत. तिसरा आक्षेप, जागा वाचवण्याचा विचारच कशाला हा, आणि त्यात तथ्य आहे. दहा हजार पुस्तकांत इंटिजर आणि लाँग इंटिजर यांचा फरक वीस हजार बाइटचा, तेव्हा सरळ मोठा आकार घ्यावा. फाइलची २ जीबीची मर्यादा आकड्यांनी भरत नाही, जोडलेल्या चित्रांनी भरते. टेक्स्टची २५५ची मर्यादाही काटकसर म्हणून कमी करू नये. अ‍ॅक्सेस टंकलेल्या अक्षरांपुरतीच जागा घेते. शिवाय देवनागरीत काना, मात्रा, हलन्त स्वतंत्र मोजले जातात. ‘राष्ट्र’ हा डोळ्यांना दोन अक्षरांचा शब्द तिथे सात जागा खातो. इंग्रजी नावांच्या अंदाजाने ठेवलेल्या तीस जागा मराठी नावाला पुरत नाहीत, आणि लांबलचक उपशीर्षके असतील तर लाँग टेक्स्टच बरा.

दाखल क्रमांकाला मात्र ऑटोनंबर देऊ नये. सुरू करून रद्द केलेल्या नोंदीचा क्रमांक तो पुन्हा देत नाही आणि दाखल रजिस्टरात मध्ये खंड पडलेला चालत नाही. ऑटोनंबर आतल्या ओळखीसाठी राखावा, दाखल क्रमांक ग्रंथपालाने लाँग इंटिजरच्या रकान्यात स्वतः भरावा आणि तो दुबार येऊ नये अशी अट त्या रकान्याला घालावी.