जयंतीच्या आदल्या रात्री

गुरुवार, 8 ऑगस्ट 2024, संध्याकाळ
उद्या संगीतसूर्य केशवराव भोसले यांची जयंती. त्यांच्या नावाच्या नाट्यगृहात कलावंत जमणार, हे कोल्हापुरात वेगळं सांगावं लागत नाही. ते नाट्यगृह उभारणारे शाहू महाराज 1902 साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले होते. राजाच्या आजारपणामुळे लांबलेला तो सोहळाही 9 ऑगस्टलाच झाला. त्याच दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहून महाराजांना खासबाग कुस्ती मैदानाची कल्पना सुचली. मैदानाला लागूनच 1915 मध्ये पॅलेस थिएटर उभं राहिलं, तेच पुढे केशवराव भोसले नाट्यगृह झालं. तांबडी माती आणि तिसरी घंटा यांना एकाच भिंतीच्या शेजारणी करणारा राजा विरळाच!

रात्री साडेनऊनंतर
नाट्यगृहात, मैदानाच्या अंगाला जाळ दिसला. रंगमंच म्हणजे लाकूड, पडदे, नेपथ्य आणि विजेच्या तारा. आगीला याहून सोयीचं काय हवं?

रात्री दहानंतर
छप्पर कोसळलं. बंब येत राहिले, पाण्याचे फवारे सुरू राहिले आणि रस्त्यावर नट, तंत्रज्ञ, रसिक उघड रडत होते. इथे उभं राहून टाळ्या घेतलेल्यांना आता बघ्यांच्या गर्दीत उभं राहावं लागलं.

ग्लासगोकरांना हे दृश्य ओळखीचं वाटलं असतं. तिथल्या स्कूल ऑफ आर्टची वास्तुरचनाकार मॅकिंटॉशने घडवलेली इमारत 23 मे 2014 ला पेटली आणि ग्रंथालय गेलं. आग रोखणारी फवारा यंत्रणा बसवण्याचं काम तेव्हा अर्धवटच होतं. दुरुस्ती संपत आली असताना 15 जून 2018 च्या रात्री 11 वाजून 19 मिनिटांनी पुन्हा वर्दी गेली. नवी यंत्रणा तेव्हाही सुरू झालेली नव्हती. कारण काय, ते साडेतीन वर्षांच्या तपासानंतरही ठरलं नाही, कारण पुरावाच जळून गेला होता. श्रीमंत देशातही हे काम ‘उद्या’वरच राहिलं.

मध्यरात्र
तारीख बदलली. जयंती सुरू झाली.

शुक्रवार, 9 ऑगस्ट, सकाळ
दगडी भिंती उभ्या, आत काळा चिखल. ‘होतं तसंच बांधा’ ही मागणी लगेच पुढे आली, ती रास्तच आहे. माझी भर एवढीच: दर्शनी भाग हुबेहूब करा, पण पहिला खर्च छतातल्या पाण्याच्या नळ्यांवर करा आणि पहिला प्रयोग त्यांचाच लावा.