पिकअप, छोटी : इंजिनबदल व एअर सस्पेन्शन

पाऊण ते दीड टन माल वाहणाऱ्या गाडीचे मूळ इंजिन उतरवून दुसरे चढवणे आणि मागच्या पाट्यांना (लीफ स्प्रिंगना) हवेच्या फुग्यांची जोड देणे किंवा पाटे काढून फुगेच बसवणे, या दोन कामांचे नियोजन. वसई-विरारमध्ये (पालघर जिल्हा, नोंदणी एमएच ४८) वाडीतली भाजी-फुले, अर्नाळ्याची मासळी आणि वालीव-सातिवलीच्या गाळ्यांतला माल अशाच गाड्यांतून जातो.

वाहन : या वर्गाला बाजारपेठ मिळवून दिली ती २००५ साली आलेल्या टाटा एसने. गिरीश वाघ यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या या ‘छोट्या हत्ती’ला ७०२ सीसीचे, दोन सिलिंडरचे, १६ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन होते. गिअरबॉक्स, डिफरन्शियल, पाटे, ब्रेक सारे त्याच ताकदीच्या आणि पाऊण टन मालाच्या हिशेबाने बेतलेले. त्यामुळे एक भाग बदलला की त्याचा ताण पुढच्या भागावर जातो.

इंजिन : खरेदीआधी मापे घेतात : माउंटिंगच्या जागा, बेल हाउसिंगची भोके, क्लचप्लेटचे दाते, सम्प व पुढचा ॲक्सल यांतले अंतर. गिअरबॉक्सची जागा हलली, तर प्रोपेलर शाफ्टची लांबी व कोन जुळवून तो पुन्हा बॅलन्स करावा लागतो. एरवी ठरावीक वेगाला गाडी थरथरते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ निकषांच्या गाड्यांत वायरिंग, ईसीएम, सेन्सर आणि धूर शुद्ध करणारी यंत्रणा एकमेकांत गुंतलेली असल्याने नुसते ‘हाफ इंजिन’ आणून भागत नाही.

एअर सस्पेन्शन : रबरी फुगे, कॉम्प्रेसर, टाकी, व्हॉल्व्ह व प्रेशरचा काटा हे मुख्य भाग. फुग्याची भार पेलण्याची ताकद म्हणजे हवेचा दाब गुणिले क्षेत्रफळ. १५ सेंमी प्रभावी व्यासाच्या फुग्याचे क्षेत्रफळ सुमारे १७७ चौ. सेंमी, दर चौ. सेंमीला ५ किलो दाबाने तो सुमारे ८८५ किलो पेलतो. पाटा मात्र भार तोलतो आणि ॲक्सल जागेवरही धरतो. पाटे काढले, तर हे दुसरे काम करायला आडवे-उभे दांडे (लिंक) लागतात. म्हणून मालवाहू गाडीला पाटे ठेवून मदतीचे फुगे देणे सोपे. काही गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब चॅसी व ॲक्सल यांतल्या अंतरावरून एक व्हॉल्व्ह ठरवतो. फुग्यांनी मागची बाजू उचलली की भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी वाटते आणि मागचा ब्रेक कमी लागतो. तो व्हॉल्व्ह नव्याने जुळवावा लागतो. मासळीचे खारे पाणी आणि पावसात तुंबणारे रस्ते पाहता कॉम्प्रेसर उंचावर बसवतात.

कायदा : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतला तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हेच स्पष्ट केले. मंजूर किट बसवून सीएनजी वा बॅटरीवर जाण्याची वाट याच कलमात आहे. त्याच बनावटीचे व प्रकारचे इंजिन घेणे सर्वांत सरळ. तरी इंजिन क्रमांक बदलतो, म्हणून पावती जपून आरटीओत नोंद करावी लागते. भाडेखरेदीच्या गाडीला नोंदणीकृत मालकाची लेखी संमती लागते. कलम १८२अ नुसार बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कामाचा क्रम : आधी वजनकाटा. भरलेल्या गाडीची पुढची व मागची चाके वेगवेगळी तोलतात. आकडा आरसीतल्या एकूण वजनाच्या वर गेला, तर मोठे इंजिन वा फुगे हा त्यावरचा उपाय नव्हे. फुग्यांनी गाडीची पाठ सरळ दिसते, पासिंगचे वजन वाढत नाही. तिथे गाडीच मोठी घ्यावी लागते. आकडा मर्यादेत असेल, तर आरटीओत विचारणा, मग मापे आणि शेवटी खरेदी.