झाडशाही रुपया : नाव कोणाचं, राज्य कोणाचं?

रोमचं चांदीचं नाणं डिनेरियस तुम्हाला आठवत असेल. ऑगस्टसचा चेहरा, भोवती ‘देवपुत्र’ ही पदवी. तमिळनाडूत कोइमतूरच्या बाजूला अशी नाणी सापडली आहेत. सम्राटाचं तोंड आणि नाव एकाच चकतीवर! आज जयपूरला जाऊ. इथल्या जुन्या रुपयावर तोंड नाही, आणि नाव आहे ते जयपूरच्या राजाचं नाही.

सवाई जयसिंहाने 1727 मध्ये शहर वसवलं. तिथल्या टांकसाळीचा रुपया ‘झाडशाही’ म्हणून ओळखला गेला, कारण त्यावर सहा फांद्यांचं झाड असे. बाकी सगळा मजकूर फारसीत. एका बाजूला दिल्लीच्या बादशहाचं नाव; दुसऱ्या बाजूला त्याच्या कारकिर्दीचं वर्ष आणि ‘जर्ब सवाई जयपूर’, म्हणजे सवाई जयपूरला पाडलेलं. ठसा मोठा, चकती लहान, त्यामुळे निम्मी अक्षरं काठाबाहेर जातात. म्हणून मी आधी झाड शोधतो, मग वर्षाचा आकडा.

ही जयपूरकरांची लाचारी, असं कुणी म्हणेल. मग आपल्या पेशवाईचं काय? पुण्याच्या अंकुशी रुपयावरही नाव मोगल बादशहाचंच, खूण तेवढी अंकुशाची. 1787 मध्ये महादजी शिंदे लालसोटजवळ जयपूरवाल्यांशी लढले, तेव्हा दोन्हीकडच्या टांकसाळी शाह आलमच्याच नावाने रुपये पाडत होत्या! मला यात भक्तीपेक्षा व्यवहार दिसतो. ओळखीच्या नावाचा रुपया चालतो, अनोळखी नावावर सराफ बट्टा लावणार. शिवाजी महाराजांनी होनावर देवनागरीत ‘श्री राजा शिव’ कोरलं, ते किती मोठं पाऊल होतं हे इथे कळतं.

1857 नंतर बादशहाची रवानगी रंगूनला झाली. जयपूरच्या रुपयावर त्याच्या जागी इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया आली, पण फारसी लिपीतच, ‘मलिका मुअज्जमा’ होऊन. दुसऱ्या बाजूला मात्र ‘महाराजाधिराज सवाई रामसिंह’ असं राजाचं स्वतःचं नाव आलं. मोगल गेले तेव्हा कुठे जयपूरच्या राजाला आपल्या रुपयावर जागा मिळाली, तीही राणीच्या पाठीमागे. राणीचा मुखवटा शेजारच्या अलवरने 1877 मध्ये घेतला. जयपूरच्या रुपयावर तो आला नाही, झाड राहिलं.

जयपूरच्या राजाचा चेहरा दिसतो तो सवाई मानसिंह दुसरे यांच्या 1944 च्या आण्यावर, आणि तो आणा पितळेचा आहे.