कर्करोगावरील उपचारकाळातील आहार : पेज पुरेशी नाही

काळी नदीवरील सुपा धरणामुळे ओळखले जाणारे गणेशगुडी हे उत्तर कन्नड जिल्ह्याच्या जोयडा तालुक्यातील गाव. अनमोड घाट चढून रामनगरमार्गे दांडेलीकडे जाणाऱ्या गोमंतकीयांना ते परिचित आहे. घनदाट अरण्याने वेढलेल्या या तालुक्यात कर्करोगाचे निदान झाले की उपचारांसाठी बाहेर पडावे लागते. कोणी हुबळीला नवनगरातील कर्करोग रुग्णालयात जातो, कोणी बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात, तर कोणी मुंबईत परळला 1941 साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात. औषधे व किरणोपचार रुग्णालयात मिळतात; परंतु दोन फेऱ्यांमधील दिवस घरी काढायचे असतात आणि त्या दिवसांत रुग्णाची ताकद टिकवण्याचे काम स्वयंपाकघराला करावे लागते.

वजनावर लक्ष का ठेवावे?

कर्करोगात भूक मंदावते आणि शरीरातील दाहामुळे स्नायू झिजतात. वजन फार उतरले तर उपचार सोसवत नाहीत. औषधाची मात्रा कमी करावी लागते किंवा पुढची फेरी लांबते. म्हणून आठवड्यातून एकदा, ठरावीक वेळी, वजन करून ते वहीत नोंदवावे. सहा महिन्यांत नेहमीच्या वजनाच्या पाच टक्क्यांहून अधिक घट झाल्यास ती डॉक्टरांना सांगावी. पन्नास किलोच्या व्यक्तीच्या बाबतीत ही घट अवघी अडीच किलो असते. आधी लठ्ठ असलेल्या रुग्णाचे वजन उतरले तरी ते शुभलक्षण मानू नये.

किती खावे?

सर्वसाधारणपणे शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज 25 ते 30 किलोकॅलरी ऊर्जा आणि 1 ते 1.5 ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे पन्नास किलोच्या रुग्णाला 1250 ते 1500 किलोकॅलरी आणि 50 ते 75 ग्रॅम प्रथिने हवीत. मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.

आजाऱ्याला पेज देण्याची पद्धत गोव्यात आणि जोयड्यातही जुनी आहे. उकड्या तांदळाची पेज पचायला हलकी असते व शरीराला पाणीही पुरवते. मात्र आठवडेच्या आठवडे नुसत्या पेजेवर राहिल्यास प्रथिने मिळत नाहीत. दोन अंड्यांतून सुमारे 12 ग्रॅम, शंभर ग्रॅम माशातून 19 ग्रॅम, अर्धा लिटर दुधातून 16 ग्रॅम आणि पन्नास ग्रॅम डाळीतून किंवा कडधान्यातून 12 ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळतात. एवढे दिवसभरात विभागून पोटात गेले तर साठ ग्रॅमपर्यंत मजल जाते. पेजेतच मुगाची डाळ शिजवावी, नाचणीची तिजण दुधात करावी, भातावर तूप घालावे. नाचणीतून कॅल्शियमही चांगले मिळते. अंडी आणि मासे ‘उष्ण’ म्हणून वर्ज्य करण्याचे कारण नाही.

जोयड्याचे कंद

जोयड्यातील कुणबी समाजाने कंदांच्या अनेक जाती जतन केल्या आहेत. येथील मुडली हा अळूच्या कुळातील कंद विशेष प्रसिद्ध आहे. कणग, सुरण आणि रताळी गोव्यातही मिळतात. उकडून कुसकरलेला कंद मऊ असतो आणि गिळायला सोपा जातो. त्यातून ऊर्जा भरपूर मिळते, पण प्रथिने थोडीच मिळतात. म्हणून त्यात दूध, डाळीचे वरण किंवा कुसकरलेले अंडे मिसळावे. अळू व सुरण यांत घशाला खाजवणारे स्फटिक असतात. ते काढण्यासाठी घरोघरी चिंच किंवा आमसूल घालतात. पण तोंडात व्रण असताना आंबट सोसत नाही. अशा वेळी हे दोन कंद टाळून रताळे किंवा कणग द्यावी.

त्रास होतो तेव्हा

तोंड आल्यास मिरची, तिरफळ, सोलकढी आणि कडक भाकरी बंद ठेवावी. अन्न कोमट व पातळ द्यावे. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून अनेकदा चूळ भरावी. मळमळत असेल तर तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन-अडीच तासांनी थोडे थोडे द्यावे. फोडणीचा वास सहन होत नसल्यास थंड दहीभात चालतो. जुलाब होत असल्यास एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवून ते घोट घोट पाजावे. गिळणे अशक्य झाले आणि डॉक्टरांनी नाकातून नळी सुचवली, तर तो पराभव समजू नये. तोंड व घसा यांचे किरणोपचार साधारणतः सहा-सात आठवडे चालतात. तेवढा काळ नळी रुग्णाला तारून नेते.

स्वच्छता आणि सावधगिरी

केमोथेरपीनंतर पांढऱ्या पेशी कमी होतात. त्या काळात पाणी उकळून प्यावे, दूध तापवूनच घ्यावे, अंडी व मासे पूर्ण शिजवावेत, शिळे अन्न टाळावे. झऱ्याचे पाणी कितीही नितळ दिसले तरी तेही उकळावे. फळे धुऊन, साल काढून खावीत. पपनसामुळे काही औषधांचे रक्तातील प्रमाण बदलते, म्हणून ते खाण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. स्वयंपाकातील हळद चालते. हळदीच्या गोळ्या, काढे व मुळ्या मात्र डॉक्टरांना न सांगता घेऊ नयेत. साखर सोडल्याने गाठ उपाशी मरते, हा समज खरा नाही. त्या नादात रुग्णच उपाशी राहतो.

उपचारानंतर

उपचार संपल्यावर चव परतायला काही आठवडे, कधी महिनेही लागतात. त्यानंतर रोज किमान 400 ग्रॅम भाज्या व फळे, कडधान्ये, नाचणी आणि आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे, अशी घडी बसवावी. तंबाखू व मद्य कायमचे सोडावे. सुपारीही सोडावी, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविरहित सुपारीलाही कर्करोगकारक ठरवले आहे. याच संस्थेने 2015 साली प्रक्रिया केलेल्या मांसाचाही त्या यादीत समावेश केला; त्यामुळे गोव्यातील चोरीस सणासुदीपुरतेच ठेवावे.

प्रत्येक रुग्णाचा आजार आणि औषधे निराळी असतात. म्हणून रुग्णालयाच्या पहिल्याच भेटीत आहारतज्ज्ञांची गाठ घ्यावी आणि त्यांनी दिलेला तक्ता स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला वाचून दाखवावा.